मळ्यातला सोलर कॅमेरा : वापरानंतरचा अनुभव

दुकानदार मेगापिक्सेल सांगतो, मोबाईलवर रात्रीचं झगझगीत दृश्य दाखवतो. वापरायला लागल्यावर कळतं की कसोटी वेगळीच आहे: रात्री दोनला काय झालं, ते सकाळी किती लवकर सापडतं?

आमचा मळा जुन्नर तालुक्यात, गावापासून बाजूला, तिन्ही अंगांना ऊस. बिबट्यावर नजर ठेवायला सिमकार्डवर चालणारा कॅमेरा मे महिन्यात गोठ्यावर बसवला, आता ऊसतोड सुरू झालीय. कंपनीचं नाव लिहीत नाही. या किमतीतल्या बहुतेक कॅमेऱ्यांची अ‍ॅप एकमेकांची सख्खी भावंडं वाटतात.

चित्राबद्दल तक्रार नाही. दिवसा शेळीच्या कानातला पिवळा बिल्ला दिसतो, रात्री कुंपणापर्यंत काळं-पांढरं पण स्वच्छ. मात्र हा कॅमेरा सतत रेकॉर्ड करत नाही. बॅटरी वाचवायला झोपून असतो, समोर अंगाची ऊब हलली की सेन्सर त्याला उठवतो. उठायला सेकंद-दोन सेकंद लागतात, तेवढ्यात बिबट्या पसार. आमच्याकडची पहिली क्लिप म्हणजे उजव्या कडेला शेपटीचं टोक आणि एकाच दिशेला माना वळवून उभ्या शेळ्या. मग कॅमेरा पायवाटेला तिरका लावला, तेव्हापासून जनावर अख्खं सापडतं. भर उन्हाळ्यात दुपारी मात्र सेन्सर मंदावतो, कारण हवा आणि अंग दोन्ही सारखीच तापलेली.

पावसाळ्यात वेगळाच ताप. इन्फ्रारेड दिव्याभोवती किडे, किड्यांच्या मागे कोळी. लेन्ससमोर जाळं झालं की उजेड त्याच्यावरूनच परत येतो आणि चित्र पांढरंफटक. खांबाला केरसुणी कायमची टेकवून ठेवलीय.

आता अ‍ॅप. ‘माणूस’ आणि ‘प्राणी’ अशी गाळणी आहे, तिच्यामुळे चाळायचं काम निम्म्यावर येतं. पण घोंगडी पांघरून निघालेले आमचे अण्णा तिच्या लेखी प्राणी! त्यामुळे दोन्ही याद्या बघाव्याच लागतात. उसाची पानं हलून सारखी नोटिफिकेशन यायची, तो कोपरा डिटेक्शन झोनमधून वगळल्यावर फोन शांत झाला. वेळ तेवढी तपासून घ्या. आमचा कॅमेरा पेटीतून निघाला तो चीनच्या घड्याळावर, आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. क्लिपवर वेळच चुकीची असेल तर ती दाखवायची कुणाला?

फुकटचं क्लाउड संपल्यावर सगळी भिस्त मेमरी कार्डावर. अ‍ॅपमधून जुनं बघायचं तर कॅमेऱ्याला जागं करावं लागतं; डेटा जातो, बॅटरीही जाते. एकेक क्लिप उतरवायची, दहा एकदम निवडायची सोय नाही. याचा मला सगळ्यात जास्त राग येतो. म्हणून अधूनमधून कार्डच काढून लॅपटॉपला लावतो. तारखांचे फोल्डर, आत नुसत्या आकड्यांच्या नावाच्या फाइली. एच.२६५ (व्हिडिओ दाबून कमी जागेत साठवायची पद्धत) असल्यामुळे जुन्या प्लेअरमध्ये उघडत नाहीत, व्हीएलसीमध्ये उघडतात. कामाच्या क्लिपला आधी वर्ष, मग महिना, मग दिवस असं नाव दिलं की आपोआप ओळीने लागतात. बाकीच्या जाऊ द्यायच्या, कार्ड भरलं की तसंही सगळ्यात जुनं आधी पुसलं जातं.

वनरक्षकाला क्लिप पाठवताना व्हॉट्सअ‍ॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर ती दाबून लहान होते आणि ठिपके ओळखू येत नाहीत.

चोर पकडण्यासाठी कॅमेरा घेणाऱ्यांनी (आमच्याकडे पाण्याच्या मोटारीची केबल हा कायमचा विषय) मूळ फाइल जपावी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशी फाइल कोर्टात पुरावा म्हणून देताना सोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं, त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू (फाइलवरून निघणारी, तिच्या बोटाच्या ठशासारखी अक्षर-आकड्यांची ओळ) लिहायची असते. फाइल कापली किंवा पुन्हा सेव्ह केली की ती व्हॅल्यू बदलते. म्हणून कामाची क्लिप सापडली की ते कार्ड पुन्हा कॅमेऱ्यात घालायचं नाही. पाकिटात बंद करून वर तारीख टाकायची आणि कॅमेऱ्यात दुसरं कार्ड घालायचं.