एमजीबी रोडस्टर १९७०: अठरा महिन्यांनंतर, म्हणजे बऱ्याच सल्ल्यांनंतर

गाडी घेताना सगळ्यांनी एकच सांगितलं होतं: जुनी स्पोर्ट्स कार घ्यायचीच असेल तर एमजीबी घे, पार्ट मिळतात. ते खरं निघालं. १९६२ ते १९८० या काळात इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात जीटी, म्हणजे पक्क्या छताची एमजीबी, धरून पाच लाखांहून जास्त गाड्या झाल्या, आणि आजही वॉशरपासून अख्ख्या बॉडीपर्यंत सगळं नवं विकत मिळतं. पार्टांपेक्षा सल्ले जास्त मिळतात, हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं.

माझी १९७० ची रोडस्टर, म्हणजे कापडी छताची. क्रोम बंपर, १७९८ सीसी इंजिन, दोन एसयू कंपनीचे कार्बोरेटर, वायर व्हील, आणि ओव्हरड्राइव्ह, म्हणजे वेगात इंजिन कमी फिरवणारा जादा गिअर. आम्ही रेडिंगला राहतो, तिथेच एका निवृत्त शिक्षकांकडून नऊ हजार पौंडांना घेतली. अठरा महिन्यांत ३,१०० मैल झाले. उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा ऑफिसला नेते, एरवी रविवारी. चाळिशी ओलांडलेल्या गाडीला इथे रोड टॅक्स नाही आणि २०१८ पासून वार्षिक तपासणीची सक्तीही नाही. मी तरी करून घेते. खाली वाकून बघायला कुणीतरी तटस्थ माणूस बरा असतो.

आधी चांगलं. चौथ्या गिअरमध्ये डॅशबोर्डवरचा ओव्हरड्राइव्हचा खटका दाबला की इंजिन एकदम श्वास सोडल्यासारखं शांत होतं, त्या क्षणासाठी मी बाकीचं बरंच माफ करते. हीटर नावाला आहे. छत पावसात गळतं, ते कुठून हे दर वेळी नव्याने शोधावं लागतं. इंजिनाखाली पुठ्ठा ठेवावा लागतो. हे सगळं मान्य होतं.

मान्य नव्हतं ते असं. गेल्या मे महिन्यापासून गाडी गरम झाली की बंद पडायला लागली. चाळीसेक मिनिटं झकास चालायची, मग झटके, मिसिंग, आणि बंद. अर्धा तास थांबलं की काही झालंच नाही अशा थाटात सुरू. पहिल्यांदा ऑक्सफर्डच्या रस्त्यावर, वॉलिंगफर्डच्या अलीकडे. नवऱ्याने तेव्हाच रिकव्हरीचा नंबर फोनमध्ये सेव्ह केला.

पहिला गॅरेजवाला म्हणाला, कार्बोरेटर. थ्रॉटलचे स्पिंडल झिजलेत, हवा ओढतात. दोन्ही रिबिल्ड केले, ३८० पौंड. गाडी आयडलिंगला सुंदर झाली आणि चाळीस मिनिटांनी बंद पडली. दुसरा म्हणाला, व्हेपर लॉक. या इंजिनाचा इनटेक आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला, कार्बोरेटर एक्झॉस्टच्या उरावर बसलेले, पेट्रोल उकळणारच. म्हणणं पटण्यासारखं होतं. हीट शील्डला नवं अस्तर लावलं. बंद. तिसऱ्याचा संशय गाडीतल्या पेट्रोलच्या पंपावर. चौथा म्हणाला, पॉइंट (ठिणगीसाठी करंट तोडणारा खटका) फेकून दे, इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसव. पाचवा म्हणाला, बसवायचंच नाही, ते रस्त्यात गेलं की काहीच करता येत नाही, पॉइंट निदान कानसता येतात. चौथा आणि पाचवा एकमेकांचे शेजारी आहेत.

शेवटी सांगलीला मामांना फोन केला. मामांनी पंचवीस वर्षं अँबॅसिडर टॅक्सी चालवली, आणि चालवली म्हणजे दुरुस्तही केली. अँबॅसिडरचं १४८९ सीसी इंजिन आणि माझ्या एमजीबीचं इंजिन एकाच घराण्यातलं, बीएमसीचं (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं) बी-सीरिज. माझं बॉनेट व्हिडिओ कॉलवर उघडलं तर मामा म्हणाले, "अगं, हे तर आपलंच आहे की! फक्त कार्बोरेटर दोन लावलेत श्रीमंतांनी."

पहिला सल्ला मात्र त्यांचाही चुकला. "पंपावर ओलं फडकं टाक." उन्हाळ्यात मिरज-पंढरपूर करताना ते हेच करायचे. पण त्यांच्या गाडीचा पंप इंजिनाला चिकटलेला, त्यामुळे तापायचा. माझा इलेक्ट्रिक आहे आणि मागच्या चाकाजवळ, भर थंडगार हवेत बसलेला. फडकं टाकून रस्त्यावरच्या लोकांची करमणूक झाली असती.

इथे मला एक गोष्ट लक्षात आली, आणि पुढच्या सगळ्या सल्ल्यांना मी तीच चाळणी लावली. खोटं कुणीच बोलत नव्हतं. जो तो आपापल्या गाडीबद्दल खरं सांगत होता. कुठलं साल, कुठला पंप, कुठला डिस्ट्रिब्युटर हे विचारल्याशिवाय त्यातला शब्दही घ्यायचा नाही. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. हे मला ३८० पौंडांनंतर सुचलं.

फडक्यावर हसून झाल्यावर मामांनी विचारलं, "बंद पडल्यावर प्लगला करंट बघितलास काय? निळा का पिवळा?" कुणीच बघितला नव्हता, मीही नाही. पुढच्या वेळी बंद पडली तेव्हा आधी चावी फिरवून ऐकलं. मागून पंप दोनदा टिकटिकला आणि गप्प झाला. म्हणजे कार्बोरेटरच्या टाक्या भरलेल्या, पेट्रोल येतंय. येत नसतं तर टिकटिक थांबलीच नसती. मग प्लग काढून इंजिनाला टेकवला, नवऱ्याला स्टार्टर मारायला सांगितलं. ठिणगी पिवळट, मरतुकडी.

"कंडेन्सर," मामा म्हणाले. म्हणजे पॉइंटला जोडलेली छोटी डबी.

"तो नवा आहे मामा, एप्रिलमध्ये मीच घातलाय."

"मग जुना कुठं टाकलास?"

जुना बिस्किटांच्या डब्यात होता. स्क्रू काढून पुन्हा बसवला, पॉइंटची गॅप फीलर गेजने १५ थाऊला (इंचाच्या हजाराव्या भागाला थाऊ म्हणतात) आणली, पुन्हा वॉलिंगफर्ड. मग ऑक्सफर्ड. मग परत. त्यानंतर गाडी गरम होऊन एकदाही बंद पडलेली नाही. कंडेन्सर आतून कच्चा असला की तापल्यावर गळका होतो, पॉइंटवर नुसती ठिणग्यांची आतषबाजी होते आणि कॉइलला जोर राहत नाही. थंड झाला की पुन्हा शहाणा. म्हणूनच दुखणं पेट्रोलचं वाटतं. एप्रिल आणि मे हे महिने शेजारी शेजारी असतात, हेही मला तेव्हाच सुचायला हवं होतं.

बाकीचे वाद थोडक्यात. गिअरबॉक्समध्ये मामांसकट तिघांनी "नव्वद नंबरचं ऑइल" सांगितलं. नाही! या गिअरबॉक्समध्ये इंजिनाचंच २०डब्ल्यू५० जातं, कारण ओव्हरड्राइव्ह त्याच तेलावर चालतो. नव्वद नंबर मागच्या ॲक्सलला. हे हँडबुकात छापलेलं आहे, तरी लोक वाद घालतात. टायरवाल्याने सवयीने चारही चाकांत ३२ हवा भरली, गाडी बैलगाडीसारखी उडायला लागली. हँडबुकप्रमाणे पुढे २१, मागे २४ केल्यावर माणसात आली. आजच्या पेट्रोलमध्ये शिसं नसतं, म्हणून शिशाचं ॲडिटिव्ह टाकायचं की नाही यावर दोन तट आहेत. माझ्या फाइलमध्ये २००४ चं बिल सापडलं, हेडला कडक व्हॉल्व्ह सीट बसवल्याचं, आणि त्यांना शिसं लागत नाही, तेव्हा माझ्यापुरता तो वाद मिटला. जुनी बिलं टाकू नका.

पेट्रोलचं मात्र मी सावधपणे घेते. ब्रिटनमध्ये २०२१ पासून साधं पेट्रोल ई-१० झालं, म्हणजे दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं. काहीजण म्हणतात काही होत नाही. इथेनॉल जुन्या रबराला खातं, म्हणून मी होस बदलले आणि तरीही महागडं ई-५ च भरते. पुण्यात भाऊ ई-२० वर जुनी बुलेट चालवतो आणि मला लाडावलेली म्हणतो.

सध्या डाव्या सिलचा प्रश्न आहे, दाराखालचा पत्रा. एकजण बोटाने टकटक करून म्हणाला, बाहेरचा पत्रा बदला, झालं. दुसऱ्याने स्क्रू ड्रायव्हर टोचला, तो आत गेला, आणि तो म्हणाला, आतल्या पट्ट्यांसकट सगळं कापायला लागेल, आणि कापण्याआधी दारांना आधार द्या, नाहीतर बॉडी मधूनच वाकेल. दोघांच्या कोटेशनमध्ये चौपट फरक. फोटो मामांना पाठवले. संध्याकाळी उत्तर आलं: "पत्र्याचं मला विचारू नकोस. त्याला आमचा डेंटिंगवाला वेगळा असायचा."