महिनाभर बेटावर गाडी चालवायची आहे : अंदमान की श्रीलंका?

हरभरा घरात आला आणि तूर विकली गेली की आपल्या विदर्भातल्या कास्तकाराला पेरणीच्या तयारीपर्यंत थोडी उसंत मिळते. नेमकं तेव्हाच इथे ऊन पेटतं, आणि अंदमान व श्रीलंका दोन्हीकडे पाऊस कमी असतो. म्हणून महिनाभर मोटरसायकल घेऊन बेटावर भटकायचं म्हटलं की शेवटी हीच दोन नावं उरतात. दोन्हीकडे मी गाडी चालवली आहे. किती सीसीची गाडी घ्यायची, जॅकेट कोणतं, हे तुमचं तुम्ही ठरवालच. ते सोडून बाकीचं सांगतो.

अंदमानचं पहिलं सुख म्हणजे आपलाच देश. व्हिसा नाही, परवान्याची भानगड नाही आणि हिंदी सगळीकडे चालते. नागपुरी हिंदीसुद्धा चालते! रस्त्यांच्या शांततेबद्दल तर वादच नको. श्रीविजयपुरम, म्हणजे कालपरवापर्यंतचं पोर्ट ब्लेअर, तिथून दिगलीपूरपर्यंत अंदमान ट्रंक रोड सुमारे 330 किलोमीटर जातो. रंगतच्या पुढे आमकुंजजवळ तो समुद्राला इतका खेटून जातो की हेल्मेटच्या काचेवर खारट तुषार येतात. पुढे मायाबंदरकडे तासभर चालवा, समोरून एखादी बस येईल, एखादा लाकडाचा ट्रक. शांतता हाच एकमेव निकष असेल तर इथेच वाचणं थांबवा आणि चेन्नईचं तिकीट काढा.

पण हा रस्ता सलग तुमचा नाही. जिरकाटांगपासून जारवा या आदिवासींचं राखीव जंगल लागतं. तिथून ठरलेल्या वेळी पोलिसांच्या ताफ्यातूनच पुढे जाता येतं. थांबायचं नाही, फोटो काढायचा नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्येच हा पट्टा बंद करायला सांगितलं होतं, तरी रस्ता सुरूच आहे. खरं सांगायचं तर दुसऱ्याच्या अंगणातून रांगेने जाताना मला काही बरं वाटलं नाही. तो टप्पा संपला की मिडल स्ट्रेटला खाडी, आणि तिथे पुन्हा फेरीची वाट.

ताफ्याचं आणि फेरीचं मी मनावर घेतलं नसतं. पावसाळ्यात रपट्यावरून पाणी जात असलं की दोन-दोन तास काठावर बसून राहायची आपल्याला सवय आहे. माझं मन फिरलं ते दर बेटाला गाडी बदलण्याने. भाड्याची गाडी सहसा त्याच बेटावर राहते, आणि प्रवाशांच्या खासगी वेगवान बोटी गाड्या चढवून घेत नाहीत. म्हणजे स्वराज द्वीपला उतरलात की नवी गाडी, शहीद द्वीपला आणखी एक, परत आलात की पुन्हा तिसरी. प्रत्येक वेळी तेच : जुन्या ओरखड्यांचा मोबाईलवर व्हिडिओ, घासाघीस, आणि जेमतेम पंपापर्यंत पोचेल एवढंच पेट्रोल. एका जेट्टीवर मिळालेल्या स्कूटरला मागे कॅरियरच नव्हतं. सॅडलबॅग पायाशी आडवी ठेवली तर हँडल पूर्ण वळेना, पाठीवर घेतली तर खांदे भरून आले. शेवटी सुतळीने सीटला बांधली, ती वळणावर एका बाजूला कलली. दोन दिवसांत त्या गाडीच्या ब्रेकचा अंदाज आला, तर ती परत करायची वेळ. महिनाभराच्या प्रवासात गाडी अंगवळणी पडायला हवी. तिचा आवाज बदलला की झोपेतसुद्धा कळावं. अंदमानात ते जमून आलं नाही. शिवाय स्वराज द्वीपवर जेट्टीपासून राधानगरचा किनारा 12 किलोमीटर. रस्ता तिथेच संपतो, पुढे वाळू.

स्वतःची गाडी मालवाहू जहाजाने पाठवणारे आहेत. टाकी रिकामी करून एजंटाकडे सोपवायची आणि तारखेची वाट पाहायची. वर्षभर राहायचं असेल तर ठीक, महिन्यासाठी मला ते परवडणारं वाटत नाही.

श्रीलंकेत कागदांचा त्रास आहे, तो लपवत नाही. आरटीओतून काढलेल्या आंतरराष्ट्रीय परवान्यावर नुसतं भागत नाही. कोलंबोत ऑटोमोबाईल असोसिएशनकडून त्याला मान्यता घ्यावी लागते, म्हणून जाफन्याला उतरण्यापेक्षा कोलंबोला उतरलेलं बरं. गाडी देणारा पासपोर्ट ठेवून घेतो म्हणेल. त्याऐवजी रोख अनामत द्या. व्हिसा 30 दिवसांचा, तेव्हा महिना म्हणजे मोजून महिना.

पण एकदा किल्ली हातात आली की ती परत देईपर्यंत गाडी तुमची. बेट उत्तर-दक्षिण सव्वाचारशे किलोमीटर लांब आहे. क्षेत्रफळ 65,610 चौरस किलोमीटर, म्हणजे 97,000 च्या वर असलेल्या आपल्या विदर्भाहून बरंच लहान. तरी महिना पुरत नाही. द्रुतगती मार्गांवर मोटरसायकलला बंदी आहे, आणि ते आपल्या पथ्यावरच पडतं, कारण आपसूक गावांतल्या रस्त्यांना लागतो. मन्नारहून जाफन्याकडे जाणारा ए-32 तर मैलोन्‌मैल मोकळा : दोन्हीकडे मिठागरं, खुरटं बाभूळवन, शेवटी संगुपिड्डीचा पूल.

मला सगळ्यात आवडला तो मधला कोरडा पट्टा. अनुराधापुर-पोलोन्नरुवाकडे राजांनी बांधलेले तलाव आहेत. मिन्नेरियाचा तिसऱ्या शतकातला, महासेन राजाचा. पाळीवरून रस्ता जातो, खाली धान, मधूनच घोरपड आडवी येते. भंडारा-गोंदियाकडचे मालगुजारी तलाव ज्याने पाहिलेत त्याला तिथे परकं वाटणार नाही. अनुराधापुरचा महाबोधिवृक्ष तर आपल्याकडच्या अनेकांसाठी प्रवासाचं कारणच ठरेल. नागपूरच्या दीक्षाभूमीवरचं झाड भदंत आनंद कौसल्यायन यांनी तिथून आणलेल्या फांद्यांपासून वाढलेलं आहे.

दुरुस्तीची चिंता कमी. रस्त्यावर बजाज, टीव्हीएस, हिरो याच गाड्या दिसतात. मेदवच्चियाच्या अलीकडे माझी क्लच केबल तुटली, तर नारळाच्या दुकानाशेजारच्या मिस्त्रीने खुंटीवरून नवी काढली, जुनी तोंडात धरली आणि चहा येईपर्यंत बसवूनही दिली. भाषा कळत नव्हती, पण ‘केबल’ आणि ‘ओके’ एवढ्यावर काम झालं.

शांततेत मात्र श्रीलंका कमी पडते, हे कबूल. खासगी बसवाले समोरून अंगावर येतात, कँडीच्या आसपास धूर आणि रांगा. बुत्तलहून कतरगामाला जाणाऱ्या रस्त्यावर जंगली हत्ती उभे असतात; गाड्यांतून फळं मिळतात हे त्यांना ठाऊक झालंय. सकाळी उशिरा, दुसऱ्या गाड्यांच्या सोबतीने जा, आणि अंधार पडल्यावर तर अजिबात नको. 2021 पासून गडचिरोलीत हत्ती वावरतात, त्यामुळे आपल्याला हे नव्याने सांगायला नको. जेवण भात आणि रस्सेच. तिखट सावजीच्या जवळ जातं, फक्त वर खोबरं. पौर्णिमेला, त्यांच्या भाषेत ‘पोया’ला, सुटी असते आणि दारू मिळत नाही.

दहा-बारा दिवसच असतील, सोबत घरची मंडळी असतील, तर अंदमान करा. गाडी हे तिथे दुय्यम प्रकरण ठेवा. महिना मोकळा असेल आणि गाडीच मुख्य असेल, तर माझं मत श्रीलंकेला, अर्थात कागदांसाठी सुरुवातीचे दिवस कोलंबोत घालवायची तयारी हवी. मार्चच्या पहिल्या आठवड्यात पोचा. 13-14 एप्रिलला सिंहली-तमिळ नववर्ष असतं, तेव्हा मिस्त्री, खानावळी सगळे गावी जातात आणि दुकानांना कुलपं लागतात.