वळूंच्या वृषणघेराचे वयानुसार समायोजन : बीफ इम्प्रूव्हमेंट फेडरेशनच्या सूत्राचे परीक्षण

अमेरिकेतील मांसोत्पादक जातींच्या तरुण वळूंची निवड करताना वृषणकोशाचा घेर आवर्जून पाहिला जातो, कारण तो शुक्राणूंच्या उत्पादनाशी निगडित असतो, बऱ्याच अंशी आनुवंशिक असतो आणि मोठ्या घेराच्या वळूंच्या कालवडी सहसा लवकर माजावर येतात. परंतु एकाच हंगामातील वळूंच्या वयात महिना-दोन महिन्यांचे अंतर असते आणि या काळात घेर झपाट्याने वाढतो, त्यामुळे आधी जन्मलेला वळू केवळ जन्मतारखेच्या बळावर सरस दिसतो.

बीफ इम्प्रूव्हमेंट फेडरेशन या मांसोत्पादक गुरांच्या सुधारणेसाठी काम करणाऱ्या अमेरिकी संस्थेच्या मार्गदर्शिकेतील सूत्र हा अन्याय दूर करते. ३६५ दिवसांमधून मोजणीच्या दिवशीचे वय वजा करायचे, उरलेल्या दिवसांना जातीच्या गुणकाने गुणायचे आणि येणारे उत्तर प्रत्यक्ष घेरात मिळवायचे. अँगस जातीचा गुणक दिवसाला ०.०३७४ सेंटिमीटर आहे. त्यामुळे ३४० दिवसांच्या वळूचा ३४ सेंटिमीटर घेर ३४.९ होतो, तर ४०० दिवसांच्या वळूचा ३६ सेंटिमीटर घेर ३४.७ वर येतो आणि दोघांचा क्रमच बदलतो. गुणक जातवार दिलेले आहेत, ही मला या सूत्राची सर्वांत मोठी जमेची बाजू वाटते. ब्रँगस जातीचा गुणक ०.०७०८, म्हणजे अँगसच्या जवळजवळ दुप्पट आहे. सर्वांना एकच आकडा लावला असता, तर एका जातीवर निश्चित अन्याय झाला असता.

मर्यादाही आहेत. सूत्र वाढ सरळ रेषेत धरते, म्हणून एक वर्ष वयाच्या फार आधी किंवा नंतर घेतलेल्या मापावर ते वापरू नये. खुराकातील फरक त्याला कळत नाही, त्यामुळे एकत्र वाढलेल्या वळूंचीच तुलना करावी. थंडीत वर ओढले गेलेले वृषण नीट खाली न घेता पट्टी लावली, तर ती चूक कोणताही गुणक भरून काढत नाही.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, समायोजित आकडा प्रजननक्षमतेच्या तपासणीत वापरू नये. १५ महिन्यांपर्यंतच्या वळूसाठी तेथे किमान ३० सेंटिमीटरचा निकष आहे आणि तो प्रत्यक्ष मापालाच लागू होतो. म्हणून विक्रेत्यांनी सूचीपत्रात केवळ समायोजित आकडा न छापता मूळ माप आणि मोजणीची तारीखही द्यावी, अशी माझी आग्रहाची मागणी आहे. निवडीसाठी मात्र हे सूत्र मी निःशंकपणे सुचवेन.