नववीनंतर की दहावीनंतर, जवळ की लांब: लेकीच्या कण्याच्या ऑपरेशनआधी आम्ही ताडून पाहिलेल्या गोष्टी

नरक चतुर्दशीच्या पहाटे माझी बहीण लेकीच्या पाठीला उटणं लावत होती आणि तिचा हात मधेच थांबला. "ताई, इकडे ये. हिच्या उजव्या खांद्यामागचं हाड वर आलंय." लेक तेव्हा बारा वर्षांची. त्याआधी दोन वर्षं तिच्या शाळेच्या स्कर्टची खालची कड एका बाजूला वर चढायची आणि मी दर जूनमध्ये शिंप्याशी भांडायचे. शिंप्याचं माप बरोबर होतं. बाक कण्याला होता.

पहिल्या एक्स-रेत ३२ अंश निघाले. पाठीला आधार देणारा कडक पट्टा लावला. चौदाव्या वर्षी तोच आकडा ५४ झाला आणि डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं. ऑपरेशन हवं की नको यावर डॉक्टर भरभरून बोलतात, बोलायलाच हवं. पण कधी करायचं, कोणत्या शहरात, मुलीला किती सांगायचं, रात्री तिच्याजवळ कोण थांबणार, डिस्चार्जनंतर कुठे न्यायचं, या गोष्टी घरच्यांनाच ठरवाव्या लागतात, आणि त्यासाठी सहसा दोनच आठवडे मिळतात. आम्ही सांगलीचे, पुण्यात ऑपरेशन केलं. ज्यांच्या घरी आज ही चर्चा चालू आहे त्यांच्यासाठी हे लिहितेय.

थांबायचं की करायचं

यात घरच्यांना फारसा वाव नसतो, म्हणून थोडक्यात. एक्स-रेवर मोजलेला बाक १० अंशांच्या वर गेला की त्याला स्कोलिओसिस म्हणतात. साधारण २५ पर्यंत नुसतं लक्ष ठेवतात. २५ ते ४० च्या दरम्यान असेल आणि मूल अजून वाढत असेल तर पट्टा. ४५-५० च्या पुढे ऑपरेशनचा विषय निघतो, कारण ५० च्या वरचा बाक वाढीचं वय संपल्यावरही थांबत नाही. सरासरी वर्षाला एखादा अंश सरकत राहतो. डॉक्टर पाळी कधी सुरू झाली ते विचारतात, कंबरेच्या हाडाचा एक्स-रे बघतात, ते वाढ किती उरली आहे याचा अंदाज घेण्यासाठी.

पट्ट्याबद्दल मात्र एक सांगते, कारण आमच्या घरात यावरून फार अपराधी वाटून घेतलं गेलं. २०१३ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये अमेरिका-कॅनडातला मोठा अभ्यास आला. त्यात पट्टा वापरणाऱ्या ७२ टक्के मुलांचा बाक ५० च्या आत राहिला, नुसतं लक्ष ठेवलेल्यांत ४८ टक्के मुलांचा. म्हणजे पट्टा उपयोगाचा आहेच, आणि जास्त तास घातला तर जास्त उपयोगाचा. पण पट्टा घालूनही काहींचा बाक वाढतोच. एप्रिलच्या उन्हाळ्यात, वर्गात पंखा नसताना, मुलीने १८ तास तो कडक पट्टा घातला नाही म्हणून ही वेळ आली, असं तिच्यासमोर कुणालाही बोलू देऊ नका. आमच्याकडे बोललं गेलं. ते तिने मनात ठेवलं.

रॉड की दोरी

नेहमीचं ऑपरेशन म्हणजे पाठीमागून मणक्यांत स्क्रू बसवून दोन रॉडनी कणा सरळ आणायचा, आणि हाडाचा चुरा घालून तेवढे मणके एकमेकांना जुळू द्यायचे. जुळल्यावर तेवढा भाग वाकत नाही. दुसरा प्रकार टेदरिंग: छातीच्या बाजूने जाऊन बाकाच्या फुगीर अंगाला स्क्रूंमध्ये लवचीक दोरी ओवतात आणि उरलेली वाढच कणा सरळ करत नेते. औषधं-उपकरणांना परवानगी देणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएने त्याला २०१९ मध्ये मर्यादित मान्यता दिली. पाठ लवचीक राहते हा मोठा फायदा, पण दोरी तुटू शकते आणि दुसऱ्यांदा ऑपरेशन लागण्याची शक्यता रॉडपेक्षा जास्त असते. शिवाय वाढ शिल्लक असेल तरच उपयोग. लेकीची वाढ जवळजवळ संपली होती, त्यामुळे आमच्यापुरता प्रश्न मिटला. तुमचं मूल दहा-अकरा वर्षांचं असेल तर डॉक्टरांना आवर्जून विचारा, मात्र मोबाइलवरचे व्हिडिओ पाहून आधीच मन बनवून जाऊ नका.

घरातल्या थोरांची भीती वेगळी असते. पॉल हॅरिंग्टन यांनी १९६२ मध्ये रॉडची पद्धत प्रसिद्ध केली, तेव्हा आणि पुढे बराच काळ ऑपरेशननंतर महिनोन्‌महिने प्लास्टरमध्ये राहावं लागायचं. सासूबाईंच्या डोळ्यांपुढे तशी एक मुलगी होती. आता बहुतेक मुलं दुसऱ्या दिवशी उभी राहतात. ऑपरेशन चालू असताना मज्जारज्जूतून संदेश नीट जातायत का हे सतत यंत्रावर बघतात. नसेला इजा होण्याची शक्यता शंभरात एकापेक्षा कमी मानली जाते. कमी आहे, शून्य नाही. सासूबाईंना आम्ही दोन्ही सांगितलं.

जवळ, पुणे की मुंबई

सांगलीतच केलं असतं तर आपली माणसं, घरचा डबा, भाड्याच्या खोलीची कटकट नाही. हे फायदे लहान नाहीत. तरी आम्ही लांब गेलो, कारण तीन प्रश्नांची उत्तरं. असं मुलांचं बाकाचं ऑपरेशन तुम्ही वर्षाला किती करता? मज्जारज्जूवर यंत्राने लक्ष ठेवणारा माणूस दर वेळी हजर असतो का? मुलांसाठीचं आयसीयू आहे का? जवळच्या डॉक्टरांनी स्वतःच सांगितलं, "मी वर्षाला एखाददुसरं करतो. तुम्ही पुण्याला जा." त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही.

पैशाचं गणित खासगी, धर्मादाय आणि सरकारी असं तीन तऱ्हांनी मांडा. खासगीत खर्च काही लाखांत जातो आणि बिलाचा मोठा हिस्सा स्क्रू-रॉडचा असतो. अंदाजपत्रक मागताना स्क्रू किती, दर काय, मज्जारज्जूवर लक्ष ठेवण्याचा (मॉनिटरिंगचा) खर्च आणि आयसीयूचे दिवस धरलेत का, हे लेखी घ्या. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. आपल्याला हवं ते ऑपरेशन त्या रुग्णालयात योजनेत बसतं का, हे रेशनकार्ड आणि आधार घेऊन तिथल्या आरोग्यमित्राला (योजनेची माहिती द्यायला रुग्णालयात बसणाऱ्या माणसाला) विचारा, फोनवर नको, समोर बसून. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. तिथल्या समाजसेवकाला पहिल्याच भेटीत गाठा. मुंबईत परळला केईएम आणि वाडिया ही रुग्णालयं एकमेकांना लागून आहेत, सगळे विभाग हाताशी मिळतात, आणि बाहेरगावच्या रुग्ण-नातेवाइकांसाठी तिथेच नाना पालकर स्मृती समितीची राहण्याची सोय आहे. सरकारीत पैसे वाचतात, पण तारीख मिळायला वेळ लागू शकतो. ५० चा बाक आणि वाढतं वय असेल तर तारखेचाही विचार करा.

मेडिक्लेमवाल्यांनी आमचा क्लेम "जन्मजात दोष" म्हणून अडवला. या वयात दिसणारा बहुतेक बाक जन्मजात नसतो, त्याचं कारणच सापडलेलं नसतं. डॉक्टरांकडून "अ‍ॅडोलसंट इडिओपॅथिक स्कोलिओसिस" (किशोरवयातला, कारण न सापडलेला बाक) असं स्पष्ट लिहून घेतलं तेव्हा फाइल हलली. तुम्ही ते आधीच लिहून घ्या.

नववीनंतर की दहावीनंतर

घरात सगळ्यात जास्त वाद यावर झाला. दहावीनंतरच्या बाजूने बोलणारे म्हणत होते, वर्ष वाया नको, मार्चमध्ये परीक्षा संपली की अकरावीपर्यंत मोकळा वेळ आहे. ते चूक नव्हतं. पण एक वर्ष थांबायचं म्हणजे बाक तेवढा वाढू द्यायचा, आणि बाक जितका मोठा आणि ताठर, तितके जास्त मणके जोडावे लागण्याची शक्यता. आम्ही डॉक्टरांना नेमकं विचारलं: "थांबलो तर जोडायचे मणके वाढतील का?" ते म्हणाले, "कमरेत एक-दोन वाढू शकतात." खाली वाकायची ताकद कमरेतच असते. तिथे वाद संपला.

नववीची वार्षिक परीक्षा झाली आणि एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात ऑपरेशन. शाळेत परतायला चार ते सहा आठवडे लागतात, जूनच्या मध्याला शाळा उघडते, म्हणजे बेताने बसलं. दिवाळीची सुट्टी याला पुरत नाही. उन्हाळ्याचा तोटा म्हणजे घाम. कूलर लावा, जखमेवरची पट्टी कोरडी ठेवा. दप्तर हे मात्र आधी सोडवून ठेवावं लागतं. आम्ही मुख्याध्यापिकांना भेटून पुस्तकांचा एक संच वर्गात ठेवायची परवानगी घेतली, दुसरा घरी.

आणि या वादात लेकीला विचारलं ते सगळ्यात शेवटी. ती म्हणाली, "दहावीभर मी फक्त ऑपरेशनचाच विचार करत बसेन." हे आम्ही पहिल्या दिवशी ऐकायला हवं होतं.

तिला किती सांगायचं

सासऱ्यांचं मत होतं, तपासणीला नेतोय म्हणून सांगा, उगाच घाबरेल. मायेपोटीच म्हणत होते. आमच्या शेजारच्या खाटेवरच्या मुलीला तसंच आणलं होतं. तेरा वर्षांची पोर. जागी झाली तेव्हा पाठीला लांब पट्टी, हाताला सलाइन, लघवीची नळी. दोन दिवस तिने आईच्या हातून पाणी घेतलं नाही. नर्सने दिलं तर घ्यायची. त्या आईचा चेहरा मला अजून दिसतो.

सहा-सात वर्षांच्या मुलाला दोन-तीन दिवस आधी साध्या शब्दांत सांगितलं तरी चालतं, फार आधी सांगितलं तर ते नुसतं वाट बघत घाबरतं. बारा-पंधराच्या मुलांचं तसं नसतं. त्यांना आठवडे हवेत. लेकीने वहीच्या मागच्या पानावर प्रश्न लिहिले आणि वही डॉक्टरांपुढे ठेवली. मी मधेच जागी झाले तर? माझे कपडे कोण काढणार? त्या दिवशी पाळी आली तर? व्रण केवढा दिसेल? किती दुखेल? यातला एकही प्रश्न मला सुचला नव्हता. डॉक्टरांनी एकेक उत्तर दिलं: कपडे भूल दिल्यावर सिस्टर काढतात आणि अंग झाकलेलं असतं, पाळी आली तरी ऑपरेशन होतं, पहिले तीन दिवस खूप दुखेल, औषध सतत चालू असेल, तू सांगत राहायचं. "दुखणार नाही" असं ते म्हणाले नाहीत. म्हणूनच तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, "आजपासून कमी होईल," तेव्हा तिने विश्वास ठेवला.

सगळं सांगण्याचा तोटाही आहे. आदल्या चार रात्री ती झोपली नाही, मीही नाही. तरी मी पुन्हा तेच करीन.

सोबत कोण

एकट्या आईने सगळे दिवस काढायचे की पाळ्या लावायच्या? मी पहिलंच ठरवलं होतं आणि ते चुकलं. तिसऱ्या रात्री कूस बदलताना (डोकं, खांदे, कंबर एका ओंडक्यासारखं एकदम वळवायचं असतं) माझे हात थरथरायला लागले. बऱ्याच ठिकाणी मुलींच्या वॉर्डात रात्री बाईमाणसालाच थांबू देतात, म्हणून बाबांची पाळी दिवसाची, बहिणीची आणि माझी रात्र आड रात्र. बाबांनी फुफ्फुसांच्या व्यायामाचं, श्वास आत ओढायचं तीन चेंडूंचं यंत्र आणि चालवणं सांभाळलं. पहिल्यांदा उभी राहिली तेव्हा त्यांचाच हात धरून म्हणाली, "बाबा, जमीन लांब दिसतेय." कणा सरळ झाल्यावर उंची थोडी वाढते ते असं कळलं.

धाकटा सात वर्षांचा, तो आजीकडे. त्याला काही सांगितलं नव्हतं, आणि तो अंथरूण ओलं करायला लागला. चौथ्या दिवशी त्याला पुण्याला आणून ताईजवळ दहा मिनिटं बसवलं. ते पहिल्या दिवशीच व्हिडिओ कॉलने जमलं असतं.

सामानात घ्याल ते घ्या, पण पुढून बटणांचे सैल सदरे, वाकडी होणारी स्ट्रॉ, लांब वायरचा चार्जर विसरू नका. केसांच्या दोन घट्ट वेण्या घाला. ऑपरेशनमध्ये कित्येक तास पालथं झोपवतात.

आपलं घर की आजोळ

पुण्याहून सांगली सव्वादोनशे किलोमीटरच्या वर. आम्ही पुढची सीट मागे झुकवून, दर तासाला थांबून, तिला पाच मिनिटं चालवत आणलं. आजोळी माणसं भरपूर, पण संडास भारतीय आणि झोपणं गादी जमिनीवर टाकून. वाकणं, पिळवटणं, वजन उचलणं या तिन्हींना मनाई असताना ते जमलं नसतं. आपल्या घरी उंच पलंग होता, कमोडची खुर्ची महिन्याच्या भाड्याने आणली. दुखण्याच्या गोळ्यांनी पोट साफ होत नाही, त्यावरचं औषध डिस्चार्जच्या कागदावर आहे ना हे बघा. पहिल्या आठवड्यात पाठीपेक्षा त्याचाच त्रास जास्त झाला.

आणि माणसं येतात. फळं घेऊन येतात, मायेने येतात, आणि पलंगाशेजारी बसून विचारतात, "पण पुढे लग्नाचं, बाळंतपणाचं कसं?" रॉड असलेल्या बायकांना दिवस राहतात, नेहमीसारखं बाळंतपणही होऊ शकतं, कण्यातून भूल देणं तेवढं अवघड जाऊ शकतं. हे उत्तर मी दाराशीच देऊन मग आत सोडायला लागले. भेटायची वेळ पाच ते सहा ठेवली, आणि ती लेकीने ठरवली. आठव्या दिवशी तिने धाकट्याकडून दारावर कागद चिकटवून घेतला: "पाठीबद्दल आईला विचारा. मला क्रिकेटचा स्कोअर सांगा."