खेळाच्या तासाला विज्ञान: एका साहित्यसंचाचे परीक्षण

खेळ आणि विज्ञान एकत्र शिकवण्यासाठी म्हणून विकला जाणारा एक संच आमच्या माध्यमिक शाळेने गेल्या जूनमध्ये घेतला आणि मी तो वर्षभर नववीच्या वर्गांसोबत वापरला. उत्पादकाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण बोलायचे आहे ते मुख्यतः अशा संचामागच्या कल्पनेविषयी. पेटीत सहा स्टॉपवॉच, ३० मीटरची मोजपट्टी, शंकू, बोटाला लावायचे नाडीमापक आणि चाळीस कृतिपत्रे होती.

सर्वांत चांगले कृतिपत्र ध्वनीचे आहे. मैदानाच्या एका टोकाला शिक्षक शिट्टी वाजवताच निशाण खाली आणतात, आणि १०० मीटरवर उभी असलेली निम्मी मुले निशाण पाहून व निम्मी शिट्टी ऐकून घड्याळ सुरू करतात. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर, म्हणजे आवाज पोहोचायला जवळजवळ ०.३ सेकंद लागतात. पहिल्या खेपेला आकडे कसेही आले, कारण माणसाच्या प्रतिसादालाच ०.२ सेकंदांच्या आसपास वेळ लागतो. दहा मोजण्यांची सरासरी काढल्यावर मात्र फरक स्पष्ट दिसला. शर्यत सुरू करणाऱ्या बंदुकीच्या आवाजावर नव्हे तर धुरावर घड्याळ सुरू करण्याची वेळाधिकाऱ्यांची पद्धत क्रीडाशिक्षकांनी तेव्हा सांगितली, आणि शिस्तीचा वाटणारा नियम मुलांना हिशेबाचा वाटू लागला.

इतर कृतिपत्रांत तितका विचार दिसत नाही. फेकीच्या गतीसाठी बेसबॉलचे उदाहरण दिले आहे. आमच्याकडे बेसबॉल कोण खेळतो? खो-खोचे २७ बाय १६ मीटरचे मैदान शाळेत आखलेलेच असताना, खांबाला हात घालून वेग न गमावता वळणाऱ्या खेळाडूइतके अभिकेंद्री बलाचे, म्हणजे वळणाऱ्या वस्तूला केंद्राकडे खेचणाऱ्या बलाचे, चांगले उदाहरण दुसरे शोधावे लागू नये. ते कृतिपत्र आम्ही स्वतः तयार केले. नाडीमापकानेही निराशा केली: धावून आलेल्या मुलाचे घामट, हलते बोट त्यात घातले की आकडा स्थिर होत नाही, त्यापेक्षा मनगटावर १५ सेकंद ठोके मोजून चारने गुणणे अधिक भरवशाचे ठरते.

माझा खरा आक्षेप वेगळा आहे. पस्तीस मिनिटांच्या तासातील दहा-बारा मिनिटे मुले सावलीत बसून तक्ते भरत होती. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये क्रीडा-एकात्मिक अध्यापनाचा उल्लेख आहे, पण त्याचा अर्थ खेळाच्या तासाला आणखी एक लेखी तास करणे असा नक्कीच नाही. दुसऱ्या सत्रापासून आम्ही मैदानावर फक्त आकडे टिपले आणि सरासरी, आलेख व त्रुटींची चर्चा गणिताच्या तासाला नेली. गणिताच्या बाईंनीही ते आनंदाने स्वीकारले, कारण सांख्यिकीसाठी त्यांना मुलांचेच ताजे आकडे मिळाले. संचाच्या मार्गदर्शिकेत मात्र या वाटणीबद्दल एक ओळही नाही, आणि ज्या शाळेत क्रीडाशिक्षक व विज्ञानशिक्षक आठवड्यातून एकदा तरी एकत्र बसत नाहीत तिथे ही पेटी कपाटातच राहील.

मोजपट्टी, शंकू आणि घड्याळे बहुतेक शाळांत असतात. कृतिपत्रे वेगळी विकत मिळत असतील तर तेवढीच घ्यावीत, आणि नाडीमापकासाठी जादा पैसे मोजू नयेत.