सांगलीकराला विमानाचे पॉइंट परवडतात की रेल्वेचे?

प्रवासाच्या क्रेडिट कार्डाची जाहिरात बहुधा विमानात बसलेल्या माणसासाठी केलेली असते. सांगलीत राहणाऱ्याने अर्ज भरण्यापूर्वी आपला प्रवास प्रत्यक्षात कुठून सुरू होतो हे पाहावे. आमच्या घरी सध्या दोन कार्डे आहेत. एक खासगी बँकेचे, विमान आणि हॉटेल डोळ्यांपुढे ठेवून काढलेले, ज्याचे नाव येथे देत नाही. दुसरे आयआरसीटीसी आणि एसबीआय कार्ड यांचे संयुक्त प्लॅटिनम कार्ड. दोन्ही वापरून झालेले मत असे, की वर्षातून एखाद्याच वेळी विमानात बसणाऱ्या सांगलीच्या कुटुंबाला पहिल्याचा दिमाख मिळतो आणि दुसऱ्याचे पैसे मिळतात.

विमानाच्या कार्डाचे आधी सांगतो. त्याचे वार्षिक शुल्क काही हजारांत आहे आणि खर्चावर पॉइंटही भरघोस जमतात, परंतु पॉइंटची किंमत तो कुठे वटवला जातो यावर ठरते. बँकेच्या स्वतःच्या पोर्टलवर विमानाचे तिकीट काढले तर एका पॉइंटचे पन्नास पैसे धरले जातात. तोच पॉइंट बिलातून वळता करून घेतला तर वीस पैसे. साहजिकच माणूस पोर्टलकडे वळतो. तेथे पुणे ते दिल्ली या एकाच उड्डाणाचे भाडे विमान कंपनीच्या संकेतस्थळापेक्षा अधिक दाखवलेले आढळले, शिवाय संपूर्ण रक्कम पॉइंटमधून देता येत नव्हती आणि पॉइंट वापरल्याबद्दलचे शुल्क जीएसटीसह पुढच्या बिलात आले. बँकेने लपवले काहीच नव्हते, सारे अटींमध्ये छापलेलेच आहे. पण पन्नास पैशांचा पॉइंट हाती येईतो पन्नास पैशांचा राहत नाही.

त्यात लोहगावचा विमानतळ गाठायचा खर्च वेगळाच. सांगलीहून पेठ नाक्यावरून महामार्गाला लागले की तासवडे, आनेवाडी, खेड-शिवापूर असे टोलनाके ओलांडत सव्वादोनशे किलोमीटरच्या वर जावे लागते. परतीच्या गाडीचे भाडे धरले, तर पॉइंटमधून वाचलेली रक्कम वाटेतच संपते. कोल्हापूरचे उजळाईवाडी विमानतळ पन्नास किलोमीटरच्या आसपास असल्याने सोयीचे आहे, परंतु तेथून मोजक्याच शहरांना विमाने सुटतात आणि हव्या त्या दिवशी वेळ जुळेलच असे नाही.

मिरज जंक्शन मात्र दहा किलोमीटरवर आहे. मुंबईची महालक्ष्मी, तिरुपतीची हरिप्रिया, बंगळूरुची राणी चन्नम्मा, दिल्लीकडे जाणारी गोवा एक्सप्रेस या गाड्या आपल्या दारावरून जातात, आणि सप्टेंबर 2024 पासून पुण्याला जाणाऱ्या दोन वंदे भारत गाड्या, एक कोल्हापूरहून व एक हुबळीहून, सांगली स्थानकावरही थांबतात. रेल्वेच्या कार्डाचा हिशेब या पार्श्वभूमीवर करून पाहण्यासारखा आहे. पहिल्या वर्षी शुल्क 500 रुपये आणि पुढे दरवर्षी 300 रुपये, त्यावर 18 टक्के जीएसटी. आयआरसीटीसीवर फर्स्ट, सेकंड किंवा थर्ड एसी अथवा एसी चेअर कारचे तिकीट काढल्यास भाड्याच्या 10 टक्क्यांपर्यंत पॉइंट मिळतात आणि एक पॉइंट म्हणजे सरळ एक रुपया. नूतनीकरणाचे 354 रुपये भरून निघायला वर्षाला साधारण साडेतीन हजारांचा एसी प्रवास पुरतो. चौघांचे कुटुंब थर्ड एसीने तिरुपतीला जाऊन आले आणि भाडे समजा दहा हजार झाले, तर हजाराच्या घरात पॉइंट जमतात. एरवी कार्डाने पैसे भरताना रेल्वेच्या तिकिटावर लागणारा एक टक्का व्यवहार आकारही माफ होतो.

या कार्डाची खरी उणीव अशी की, स्लीपर वर्गाला हा 10 टक्क्यांचा लाभ नाही. महालक्ष्मीच्या स्लीपरने मुंबईला ये-जा करणारे विद्यार्थी आणि नोकरदार सांगली-मिरजेत भरपूर आहेत. त्यांनी हे कार्ड घेऊ नये. यूपीआयने तिकीट काढावे. आयआरसीटीसीचे सुविधा शुल्कही यूपीआयला कमी, म्हणजे बिगर एसी तिकिटाला 15 ऐवजी 10 आणि एसीला 30 ऐवजी 20 रुपये आहे.

रेल्वेखेरीज इतर खरेदीवर दर 125 रुपयांना एक पॉइंट मिळतो. म्हणजे तेच हजार पॉइंट किराणा आणि कपड्यांतून जमवायचे तर सव्वा लाख रुपये खर्च करावे लागतील, आणि सांगलीत सव्वा लाख कार्डावर घालणेही सोपे नाही. सराफाच्या दुकानात कार्ड पुढे केले की 'दोन टक्के वर पडतील' असे शांतपणे सांगितले जाते; तेथे पॉइंट विसरून चेक फाडणेच शहाणपणाचे. रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडून छोट्या दुकानांत वापरावे असे हल्ली सुचवले जाते, कारण 2022 मध्ये रिझर्व्ह बँकेने त्यास परवानगी दिली आहे. विश्रामबागेत भडंग घेताना तसा प्रयत्न केला. कोड स्कॅन झाला, रक्कम टाकली, खात्यांच्या यादीत बचत खाते ठळक आणि क्रेडिट कार्ड मात्र फिकट दिसत होते, दाबले तरी निवडले जाईना. काउंटरवर चिकटवलेला कोड दुकानदाराच्या वैयक्तिक बचत खात्याचा होता, आणि क्रेडिट कार्डावरून यूपीआयने केवळ व्यापारी कोडलाच पैसे देता येतात. 'साहेब, नेहमीसारखं करा की,' एवढेच तो म्हणाला, आणि पाठीमागे रांग होती.

तत्काळच्या वेळी कोणत्याही कार्डावर विसंबू नये. सकाळी दहाला एसीचे आरक्षण उघडते आणि कार्डाचा ओटीपी येईपर्यंत 'वेटिंग' सुरू झालेले असते. आरक्षण आता 60 दिवस आधीच खुले होते, तेव्हा दिवाळीच्या तिकिटाची तारीख लिहून ठेवणे पॉइंटपेक्षा जास्त उपयोगी पडते. रेल्वेच्या कार्डावर तिमाहीला एकदा मिळणाऱ्या रेल्वे लाउंजचा, म्हणजे स्थानकावरील आरामकक्षाचा, आमच्या वाटेवर उपयोग विरळाच.

हा सारा हिशेब बिल मुदतीत पूर्ण भरणाऱ्यासाठीच आहे, कारण थकबाकीवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागते आणि त्यापुढे 10 टक्क्यांचे पॉइंट टिकत नाहीत. रेल्वेचे कार्ड आम्ही चालू ठेवत आहोत. विमानाचे कार्ड पुढचे शुल्क पडण्यापूर्वी बंद करायचे ठरवले आहे. उरलेले पॉइंट आधी वापरून टाकायचे, बाकी शून्य करायची आणि विनंती लेखी द्यायची. बाकी नसेल तर सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करणे बँकेवर बंधनकारक आहे, आणि उशीर झाल्यास दिवसाला 500 रुपये ग्राहकाला द्यावेत, असा रिझर्व्ह बँकेचा 2022 पासूनचा निर्देश आहे.