ग्नोम कॅलेंडर: छान आहे, पण इव्हेंट दिसेनासे झाले तर आधी हे बघा

लिनक्सवर साधं हलकं कॅलेंडर हवं असेल तर ग्नोम कॅलेंडर मला मनापासून आवडतं. महिना आणि आठवडा दोन्ही स्वच्छ दिसतात, ॲप बंद असलं तरी रिमाइंडर येतं, आणि फुकट. पण यातला डेटा राहतो कुठे हे माहीत नसेल तर एखाद्या दिवशी घाम फुटतो, म्हणून जास्त त्याबद्दलच लिहितोय.

घरच्या लॅपटॉपची एसएसडी (डेटा साठवायची डिस्क) मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या एका दुकानातून बदलून घेतली, त्यांनी नवीन उबुंटू (लिनक्सचाच एक प्रकार) इन्स्टॉल करून दिलं, डॉक्युमेंट्स फोटो सगळं कॉपी करून दिलं, काम चोख. घरी येऊन ऑनलाइन अकाउंट जोडलं तर ऑफिसच्या मीटिंग्ज, मित्रांशी शेअर केलेलं ट्रेकचं कॅलेंडर (रविवारचा मेगाब्लॉक बघून ठरवतो आम्ही) सगळं आपोआप आलं, आणि आईच्या डोळ्यांच्या तपासण्या, विम्याचे हप्ते, सोसायटीची टाकी धुवायची तारीख यातलं एकही नाही! आई विचारतेय, अरे माझी पुढची तारीख कधीये, आणि स्क्रीनवर रिकामा महिना.

गोष्ट अशी आहे की हे ॲप फक्त दाखवायचं काम करतं, इव्हेंट सांभाळते ती मागे चालणारी इव्होल्यूशन डेटा सर्व्हर नावाची सर्व्हिस. ऑनलाइन कॅलेंडर असेल तर मूळ प्रत सर्व्हरवर, त्यामुळे लॉगिन केलं की परत येतं. पण 'पर्सनल' नावाचं जे कॅलेंडर असतं ते निव्वळ तुमच्या मशीनवरच असतं, होम फोल्डरमध्ये .लोकल, मग शेअर, इव्होल्यूशन, कॅलेंडर, सिस्टम, तिथे एक आयसीएस फाइल (कॅलेंडरच्या नोंदींची फाइल). नावाआधी टिंब असलेलं फोल्डर लपलेलं असतं, कॉपी करताना दिसतच नाही, कंट्रोल आणि एच दाबलं की दिसतं.

जुनी एसएसडी फेकून दिली नव्हती हे फार बरं झालं. यूएसबी केसमध्ये घालून जोडली, तिथली फाइल सापडली, ग्नोम कॅलेंडरमध्ये उघडली, इम्पोर्ट केलं आणि सगळ्या तारखा जागच्या जागी. ही आयसीएस उघडून इम्पोर्ट करायची सोय २०२१ च्या ४१ व्हर्जनपासून आहे, खूप जुना उबुंटू असेल तर इव्होल्यूशन या दुसऱ्या मेल-कॅलेंडर ॲपमधून करा. जुनी फाइल नव्या फाइलवर सरळ पेस्ट मात्र करू नका, सर्व्हिस चालूच असते, ती तुमची फाइल पुसून वर आपली लिहू शकते.

तुमचं नुसतं एखादंच कॅलेंडर दिसत नसेल तर इतकं लांब जायची गरज नाही, कॅलेंडरांच्या यादीत त्याची टिक आहे का बघा, मग सेटिंग्जमध्ये ऑनलाइन अकाउंट परत साइन इन मागतंय का ते बघा. तरीही शंका असेल तर इव्होल्यूशन इन्स्टॉल करून उघडा, दोन्ही ॲप एकाच ठिकाणचा डेटा वाचतात, तिथे इव्हेंट दिसला म्हणजे डेटा शाबूत आहे, पुन्हा सगळं टाइप करत बसू नका.

एक स्टार कापतोय तो 'पर्सनल' हे फक्त याच मशीनवर आहे असं ठळक लिहायला हवं होतं म्हणून. घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या तारखा कोणी त्यात ठेवत असेल तर आजच त्या फाइलची कॉपी पेनड्राइव्हवर घ्या.